रंगाच्या टाकीतून गरम कुंडात

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लोक मला बघतात आणि लगेच म्हणतात, काखेत लाव. मग माझं डोकं फिरतं. माझी दांडी हातभर लांब, स्टीलची. वर वाटीएवढी गोल तबकडी. तिच्यात शून्यापासून दीडशेपर्यंत आकडे आणि एक काळा काटा. एवढी दांडी कुणाच्या काखेत जाईल, सांगा बरं?

माझी नोकरी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होती. तिथे कापड रंगवतात. रंगाच्या उघड्या टाकीत माझी दांडी बुडवून ठेवायचे. सतरा वर्षं मी तसाच उभा. सकाळी पाणी लाल, दुपारी निळं, संध्याकाळी असं काळं की माझी मलाच दांडी दिसायची नाही. पाणी हळूहळू तापवावं लागतं. घाई केली की रंग डागाडागाने बसतो आणि मास्टर शिव्या देतो. म्हणून टाकीवरचा कारागीर दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघायचा. त्याचं नाव लोटू. धुळ्याकडचा माणूस, राहायला लिंबायतला.

मास्टर सगळ्यांना सांगायचा, "या काट्याला विचारल्याशिवाय वाफेच्या नळाला हात लावायचा नाही." तेव्हा माझी छाती फुगायची. मला छाती नाही ते मला माहीत आहे. कुणी हसू नका.

लोटूला मात्र आपल्या हाताचा जास्त गर्व. टाकीच्या कडेला बोटं बुडवायचा आणि म्हणायचा, "पंचावन्न." मी पंचावन्नच दाखवायचो. दुसरा कुणी बोट घालायचा आणि बोंबलत पळायचा. लोटू नुसता हसायचा. त्याच्या हाताची कातडी जाड झाली होती, नखांच्या कडा कायमच्या निळ्या.

मग मिलमध्ये नव्या मशिनी आल्या. त्यांचे आकडे पडद्यावर लाल लाल चमकतात. मला उपटून भंगाराच्या पोत्यात फेकलं. सतरा वर्षं! साधं फडक्याने पुसलंसुद्धा नाही. लोटूने मला पोत्यातून काढलं आणि जेवणाच्या पिशवीत घालून घरी नेलं. गॅसजवळ खिळ्याला टांगलं. माझी काच फुटली होती, तिथे त्याने प्लॅस्टिकचा तुकडा बसवला. तेवढंच. नंतर घरातले माझ्या दांडीला सांडशी अडकवायला लागले. सांडशी!

पण खिळ्यावरून घर सगळं दिसतं आणि मला बघायची, ऐकायची खोड आहे. घरात चौघं. लोटू, त्याची बायको उषाबाई, मुलगी योगिता, ती मार्केटात साड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरते, आणि तिचा धाकटा भाऊ हेमराज, बारावीतला. हेमराजच्या तोंडाला कुलूप नाही.

एका रविवारी योगिता साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन जमिनीवर बसली. हातात स्केचपेन.

"नऊला गेट उघडतं. सव्वानऊला कपडे बदलायचे. साडेनऊ ते अकरा घसरगुंड्या, तेव्हा रांग नसते. मग लाटांचा तलाव. जेवण. आणि तीनला गरम पाण्याची कुंडं."

मी कान टवकारले. गरम पाणी? आणि त्यात जायला लोक गाडी करून जातात?

हळूहळू कळलं. सुरतेपासून दोन तासांवर मोठं पार्क आहे. एकीकडे घसरगुंड्या आणि लाटा, दुसरीकडे गरम पाण्याची सहा कुंडं. तिथल्या जमिनीतूनच पाणी गरम निघतं. ना बॉयलर, ना कोळसा, ना वाफेचा पाइप. मग तापवतं कोण? आणि किती डिग्रीला? हे घरात कुणीच विचारेना. मला खिळ्यावर बसवेना.

सगळ्यात नवल म्हणजे, माणसं त्यात मजेसाठी बसतात. मी आयुष्यभर जे पाणी बघितलं त्याच्यापासून माणसं लांब पळायची.

उषाबाईंनी पुठ्ठा ओढून घेतला. त्यांना वाचता येतं, सावकाश. "आई, बाकडा, बॅगा," त्यांनी वाचलं. "हाई काय लिखं? मी बॅगा राखाले येऊ का?"

"आई, तुझे पाय," योगिता म्हणाली.

"मना पाय मले माहीत शेत."

पायांची गोष्ट अशी. उषाबाईंना शुगर आहे. पाय सुन्न झालेत, चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लोटूने कौतुकाने त्यांचं पाणी काढलं, बादलीत हात घातला आणि म्हणाला, "कोमट शे." त्यांनी पाय बुडवले. काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पावलांवर टरटरून फोड. एक जखम भरायला तीन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात बोटं वाचली. तेव्हापासून घरात उषाबाईंना गरम पाणी बंद. डिसेंबरातसुद्धा नळाच्या पाण्याने आंघोळ. गुडघे धरून बसायच्या, पण बोलायच्या नाहीत.

मी तेव्हा खिळ्यावरच होतो, बादलीपासून चार हातांवर. मला कुणी बुडवलंच नाही. त्याचा राग अजून जात नाही माझा.

आता त्या बोलल्या. "तीस वरीस व्हयी गयात लगीनले. कधी काही मांगं का मी? मले त्या कुंडमा बसनं शे. गुडघा शेकना शेत. दहा मिनिटं."

लोटू म्हणाला, "बसशी ना. मी आधी हात घालीसन देखसू."

"तुमना हात?" उषाबाई म्हणाल्या. "दिवाळीले बी तुमनाच हात व्हता."

लोटू आपल्या हाताकडे बघत राहिला, उलटा, सुलटा. एरवी तो हात दाखवून फुशारकी मारायचा. आज त्याने तो हळूच मांडीखाली सरकवला. मला त्याच्यावर चिडायचं होतं. चिडता आलं नाही.

तेवढ्यात योगिताची नजर खिळ्यावर आली. "पप्पा, हा चालतो का अजून?"

चालतो का म्हणे! तिने सांडशी काढून फेकली आणि मला खाली उतरवलं. दांडीला चिंच लावून घासली, धुतली, पुन्हा घासली. काळ्या-निळ्या पाण्याने मोरी भरली. मग लोटूने शिकवलं तसं केलं. हेमराज रसाच्या गाडीवरून बर्फ घेऊन आला. बर्फ कुटला, थोडं पाणी घातलं, मला त्यात उभं केलं. शून्य दाखवायला हवं होतं. काटा तीनवर अडला. उकळत्या पातेल्यात शंभर दाखवायला हवं होतं. दाखवलं एकशे तीन.

"खोटारडा आहे हा!" हेमराज ओरडला. "फेका!"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. सतरा वर्षं सगळ्यांनी मला विचारून नळ फिरवले आणि आता एक शेंबडा पोरगा मला खोटारडा म्हणतो.

लोटूने मला हातात घेतलं. "खोटा नाही. खोटा असता तर एकदा दोन, एकदा सात दाखवलं असतं. हा दोन्हीकडे तीनच जास्त दाखवतो. आपल्या शिफ्टचा एकजण रोज दहा मिनिटं उशिरा येतो. रोज दहाच. आम्ही त्याच्यावर घड्याळ लावतो."

योगिताने माझ्या तबकडीमागे चिकटपट्टी लावून लिहिलं: तीन वजा कर.

मग ती आईला घेऊन डॉक्टरांकडे गेली. परत आली आणि पुठ्ठ्यावरचं 'बाकडा' खोडलं. वर लिहिलं, 'सदतीसपर्यंत, दहा मिनिटं, आधी मोजायचं. जखम असेल तर नाही. नंतर पाय बघायचे.' उषाबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग त्यांना आठवलं की पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. सगळी सुरत नायलॉन-पॉलिस्टर विकते आणि या बाईच्या पेटीत नेमक्या सगळ्या सुती साड्या! योगिता मार्केटातून नायलॉनचा कुर्ता-पायजमा घेऊन आली. त्या तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या.

"कबड्डी खेळाले चालनी वाटस मी," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

पार्कच्या गेटवर बॅगा तपासणाऱ्याने मला बाहेर काढलं. "ये क्या है? मशीन का पार्ट?"

"थर्मामीटर," योगिता म्हणाली.

"किसको बुखार है?"

"तुम्हारे पानी को," ती म्हणाली. "देखना है."

मागची रांग हसली. त्याने मला टकटक वाजवून बघितलं. काच नाही, प्लॅस्टिक आहे, तेव्हा कुठे आत सोडलं.

सकाळचं काय सांगू? मी बॅगेत. चेन अर्धी उघडी होती तेवढ्यातून बघितलं. हेमराज एका घसरगुंडीवरून नऊ वेळा आला आणि दर वेळी तितकाच ओरडला. लोटू लाटांच्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा राहिला, कुणी ढकलेल म्हणून दोन्ही हात पसरून. हे पाणी गार, निळं. आणि निळं असून कुणाच्या अंगाला लागत नव्हतं! मी बघतच राहिलो. निळं पाणी आणि पांढरे टॉवेल पांढरेच.

तीनला आम्ही कुंडांकडे गेलो. वाफ दिसली आणि मला एकदम मिलची आठवण झाली, फक्त इथे वास गंधकाचा होता. शेवटच्या, सगळ्यात कमी गरम कुंडावर पाटी होती, छत्तीस ते अडतीस. पिवळ्या टी-शर्टातला लाइफगार्ड तिथे स्टुलावर बसला होता. ललित त्याचं नाव, छातीवर लिहिलेलं.

"आवो काकी, बिंदास," तो म्हणाला.

उषाबाईंनी पायजमा वर केला. पाय उचललाच होता. लोटूने सवयीने बोटं बुडवली आणि तोंडातून निघून गेलं, "कोमट शे."

उषाबाईंचा पाय हवेतच थांबला.

योगिताने मला पाण्यात सोडलं. मी सगळा जीव दांडीत आणला. हे पाणी वेगळंच होतं. जड, गुळगुळीत, खालून कुठूनतरी बुडबुडे. विचारायचं खूप होतं त्याला, पण आधी काम. काटा चढला. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीसवर थांबला.

"तीन वजा," योगिता म्हणाली. "एक्केचाळीस. आई, पाय मागे."

"पाटीवर तर अडतीस लिहिलंय," हेमराज म्हणाला.

ललित उठून आला. "बेन, तुम्हारा पुराना है. बोर्ड सही है."

"पुराना है, पण कितना गलत है ते आम्हाला माहीत आहे," योगिता भडकली. "तुम्हाला तुमच्या बोर्डाचं माहीत आहे का? लिहिल्यावर एकदा तरी मोजलं?"

ललित पाटीकडे वळून बघायला लागला. उषाबाईंनी पायजमा हळूहळू खाली सोडला. मोठ्या माणसाचं तोंड असं पडलेलं मला बघवत नाही. मला वाटलं, झालं, माझ्यामुळेच गेला यांचा दिवस. खरं सांगितलं म्हणून.

तेव्हा लोटू बोलला. हात पाठीमागे बांधून, पाण्याला न लावता. "योगी, टाकीचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. वाफ जिथून येते तिथे जास्त. इथे गरम पाणी आत सोडणारा पाइप कुठे आहे बघ. त्याच्यापासून लांब जा."

पाइप आमच्या पायाशीच होता. योगिता कडेकडेने चालत निघाली, दर चार पावलांवर मला बुडवत. लोटू मागून सांगत होता, "घाई नको. काटा थांबू दे. ढवळ. आता बघ." त्रेचाळीस. बेचाळीस. ललितही स्टूल सोडून मागे यायला लागला. अगदी पलीकडच्या कोपऱ्यात, बदामाच्या झाडाखाली, तीन पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. तिथे मी चाळीसवर थांबलो. तीन वजा करून सदतीस. योगिताने पुन्हा मोजलं. ललितने माझी तबकडी स्वतः वाचली. लोटूने तिसऱ्यांदा बघितलं, मग बायकोला हात दिला.

उषाबाई दुसऱ्या पायरीवर बसल्या. मला त्यांच्या पावलांजवळच पाण्यात धरून ठेवलं होतं. खाली बघत होत्या, पाण्यातल्या पायांकडे.

"काय वाटतंय, आई?"

"पायले काही नही वाटत," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. "गुडघाले लागी ऱ्हायनं. माय व! लागी ऱ्हायनं व, योगी."

आणि त्या रडल्या. लोटू तोंड फिरवून झाडाकडे बघायला लागला. दहा मिनिटं झाल्यावर योगिताने त्यांना बाहेर काढलं, पाय पुसले, बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासल्या. एकही लाल डाग नव्हता.

एवढ्यात शेजारच्या कुंडावरून एक बाई आली, सोबत काठीवाली सासू. मला बोट दाखवून म्हणाली, "बेन, आमच्या आईंचं पण पाणी बघून द्या ना. यांना पण शुगर आहे." तिच्या मागे अजून दोघी उभ्या होत्या. योगिताने मला लोटूच्या हातात दिलं. तो गुडघे टेकून कुंडाकाठी बसला आणि नव्याने नोकरीला लागल्यासारखा ताठ होऊन म्हणाला, "लाइन लावा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे पाय सुन्न असतील, तर त्यांच्या पाण्याचा अंदाज हाताने घेऊ नका. तुमचा हात कितीही शहाणा असू दे, तो तुमचाच हात आहे, त्यांचा पाय नाही. मोजा. पाटी वाचून सोडू नका. आणि घरातली जुनी वस्तू फेकायच्या आधी एकदा बर्फात आणि उकळत्या पाण्यात उभी करून बघा. ती किती चुकते ते तरी कळेल. किती चुकते ते कळलं की ती अजून पुष्कळ कामाची असते. ते पाणी जमिनीखाली कोण तापवतं, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर येऊन सांगा.