कोवळं शिंग

ओर्नाने बारशिंग्याचं शिंग हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. त्यावरची लवदार कातडी अजून ओलीच होती.

"हे कोवळं आहे, तेवो. वाढतं शिंग आतून भुसभुशीत असतं. पुरं पिकून गळालेलं आण, कोरण्यापुरतं तळ्यात भिजत घालते, मग बघ."

"शिंग ते शिंग," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. टोळीचा म्होरक्या झाल्यापासून तो तिच्याशी उभ्याउभ्याच बोलायचा. "उद्या डुकरामागे जायचंय. रडगाणं नको, ताई."

शेवटी भाल्याच्या टोकासाठी तिने त्याच शिंगात गारगोटीने दोन लांब चर पाडले, मधली कांब उचकटली, एका कडेला दाते कोरले. गारगोटी चरबीत शिरावी तशी शिरत होती. तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामुरला उचलून आणलं. भाल्याचं टोक डुकराच्या खांद्यात मोडलं आणि डुकराने उलटून त्याचं पोट फाडलं. कामुर म्हणजे सगळ्यात धाकट्या बहिणीचा, सिलीचा नवरा.

"ताईचा हात म्हातारा झालाय," कुणी विचारायच्या आतच तेवो म्हणाला.

"तुला सांगितलं होतं मी!"

"केव्हा?" त्याने तिच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं. तिने सांगितलं तेव्हा तिथे तिसरं कुणी नव्हतं.

सिली तिच्या तोंडावर थुंकली. ओर्नाच्या गारगोट्या तेवोच्या बायकोकडे, युंडाकडे गेल्या.

तळं गोठलं. युंडाने केलेली टोकं माशाच्या पहिल्याच हिसड्याला तुटायची. पोरं चामड्याच्या वाद्या चघळू लागली. मग एकदा तेवो पांघरलेल्या कातड्याखाली चांगलं टणक शिंग लपवून आला.

"टोकं बनव. पण गुपचूप युंडाकडे दे."

"आणि कामुरचं काय?"

"मेलेल्याचं काय घेऊन बसलीस?"

ते शिंग त्याच्या तोंडावर मारावंसं तिला वाटलं. पण सिलीच्या पोरांचे गाल पार आत गेले होते.

"माझ्या गारगोट्या आणून दे," ती म्हणाली.

मासे मिळू लागले. सगळे जेवायला बसले तेव्हा सिली मुद्दाम ओर्नासमोर येऊन म्हणाली, "वहिनीचा हात बघ. भाला तिने केला असता, तर माझा माणूस आज इथे जेवत असता."

ओर्नाने तोंड उघडलं. पलीकडे तेवो माशाचं डोकं चोखत तिच्याकडेच बघत होता. युंडाने मान खाली घातली. ओर्ना पुन्हा काटे वेचू लागली. सिलीची धाकटी पोर केव्हाची ओर्नाच्या मांडीवर येऊन बसली होती. सिलीने तिला दंडाला धरून उचललं आणि दुसरीकडे नेऊन बसवलं.