दुकानाच्या फळ्या

धीरजनं गाडीची मागची सीट उपटून गोदामात फेकली, इथपर्यंत अनुसयाबाईंनी कसंबसं गिळलं होतं. पण सीटच्या जागी झोपायची खाट करायला या नातवानं माळ्यावरच्या दुकानाच्या फळ्या काढल्या, आरीनं हात-हातभर आखूड केल्या आणि नटबोल्टनं गाडीत कसल्या, तेव्हा मात्र त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तोंड सोडलं. आजोबांच्या हातच्या फळ्या, आणि त्यांच्यावर आता हा आणि याचा दोस्त अंकित तंगड्या पसरून घोरणार. धीरज खाली मान घालून एवढंच म्हणाला, की प्लायवूड बाजारात ढीग मिळतं, पण आजोबांच्या फळ्यांवर झोप चांगली लागेल असं वाटलं. त्यावर अनुसयाबाई आणखी पेटल्या.

शटर यायच्या आधी देवळी गावातलं त्यांचं किराणा दुकान त्याच फळ्यांनी बंद व्हायचं. सागाच्या अकरा फळ्या, प्रत्येकीवर त्यांच्या नवऱ्यानं, हिरालालनी, स्वतः डांबरानं टाकलेला नंबर. सकाळी दुकान उघडताना ते एक नंबरच्या फळीला आधी कपाळ टेकवत, मग ती बाजूला काढत. चुकून कुणाचा पाय फळीला लागला तर हात जोडायचे, ही रीत हिरालाल गेल्यावरही अनुसयाबाईंनी मोडू दिली नव्हती.

गाडी म्हणजे लिलावातून उचललेली जुनी जिप्सी. चारही चाकं ओढतात, एवढाच तिचा मोठेपणा. धीरज वर्षभर तिच्या मागे लागला होता. टपावर कॅरियर चढला, पेट्रोलच्या डब्यांना पट्टे बसले, फावडं, दोर, जॅक, पायानं मारायचा पंप, स्टो, सगळ्याला जागा झाली. दिवाळीच्या आत लडाखला जाऊन यायचं म्हणे. अनुसयाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण दरीत लोंबकळणारा ट्रक त्यांनी टीव्हीवर पाहिला होता आणि तो समजायला वाचता यावं लागत नाही. त्यात या पोरानं मागे नाचणगावच्या वळणावर मोटरसायकल घालून हात मोडून घेतलेला. अंगात नुसती घाई. त्याची आई अन्नपूर्णा बोलत काही नव्हती, पण भाकर थापता थापता तिचा हात मधेच थांबायचा, ते सासूला दिसायचं.

नुसतं नको म्हणून तो ऐकणार नव्हता. मग अनुसयाबाईंनी डाव टाकला. राखीला मला माहेरी ने, म्हणाल्या. तुझी गाडी पांधणीतून माझ्या भावाच्या दारात स्वतःच्या चाकांवर गेली तर खुशाल लडाखला जा. फसली तर विकायची.

धीरज लगेच हो म्हणाला. त्याला ती पांधण कुठं ठाऊक होती. मोठी आंजी या गावाच्या पुढं डांबर सोडलं की दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी ती बैलगाडीची वाट, निव्वळ काळी माती. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टरसुद्धा कोणी घालत नाही. लग्नानंतर दर राखीला अनुसयाबाई डांबरावर एसटीतून उतरायच्या आणि चिखल तुडवत पायी माहेरी जायच्या. गुडघे गेल्यापासून तेही बंद होतं.

राखीच्या आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला. अनुसयाबाईंना बरं वाटलं.

डांबर संपलं तिथं धीरज उतरला. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती त्यानं हातानं फिरवली, तेव्हा कुठं ती चाकं ओढायला लागतात म्हणे. मग तो चारही चाकांतली हवा सोडत बसला. फसायच्या आधीच चाकं बसवून राह्यला का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, चिखलात अनवाणी पाय कसा पसरतो, तसं चाक पसरलं पाहिजे. हे त्यांना पटलं.

गाडी मुंगीसारखी निघाली. एका अंगाला कपाशीची पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला सोयाबीन. जिथं त्यांचे स्वतःचे पाय पोटरीपर्यंत रुतायचे ती जागा मागं पडली, बाभळीचं झाड मागं पडलं, आणि अनुसयाबाईंना आपला डाव काही खरा दिसेना. मग सखल भाग आला. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत चारही चाकं उतरली, गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी गरगरली.

आता हा पाय दाबून इंजिन रेस करणार म्हणून त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरला. नाचणगावच्या वळणावरच्या पोरानं तेच केलं असतं. धीरजनं इंजिन बंद केलं. खाली उतरून गाडीखाली वाकून पाहिलं, मग हातात काडी घेऊन पुढं चालत गेला आणि चिखल कुठवर किती खोल आहे ते टोचून टोचून बघून आला. त्याचा हात मोडला त्या दिवसापासून अनुसयाबाई त्याच्या गाडीच्या नावानं धास्तावलेल्या असायच्या. ती धास्ती थोडी ओसरली. त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"फसली आजी," धीरज म्हणाला. "तू जिंकली."

तेवढ्यात शेजारच्या शेतातून डोमाजी आला. भावाकडचा, लक्ष्मणरावांचा जुना गडी. त्यानं गाडीकडे पाहिलं, बाईंना हात जोडले आणि सांगितलं, की काळजी नको, मी आत्ता मालकाची बैलजोडी आणतो, बैलं गाडीला थेट दारात ओढून नेतील.

बैलं. दार. आणि दारात कोकिळा.

कोकिळा म्हणजे लक्ष्मणरावांची बायको. अनुसयाबाई राखीला आल्या की ती पायांवर पाणी घालता घालता दरवर्षी हळूच म्हणायची, बाई दुकानदाराच्या घरी दिल्या, पण पाय तेवढे आमच्यासारखेच भरतात. आता दुकानदाराची गाडी बैलांच्या मागं फरफटत आलेली तिला दिसणार. पुढची राखी येईपर्यंत गावात दुसरा विषय निघणार नव्हता.

"बैलं राहू दे डोमाजी," अनुसयाबाई म्हणाल्या. मग नातवाकडं वळल्या. "फळ्या काढ."

"आजी, त्याच्यावरून चाक जाईन."

"मले दिसते. काढ."

पाना घेऊन धीरजनं एकेक बोल्ट सोडवला. दहा फळ्या खाली आल्या. एक नंबरला त्यानं हात लावला नाही, आणि त्यांनीही लाव म्हटलं नाही. त्या चाकांखाली घालायच्या तर आधी गाडी उचलायला हवी, पण नुसत्या मातीत जॅक वर जायच्या ऐवजी खालीच जायचा. त्याच्याखाली अकरा नंबरची फळी दिली, तर ती अरुंद, कलंडली आणि गाडी पुन्हा धपकन बसली. दाराच्या तोंडची म्हणून रुंद घेतलेली फळी एकच होती, एक नंबरची.

अनुसयाबाई लुगडं खोचून उतरल्या. एक नंबरची फळी त्यांनी स्वतः ओढून काढली, पदरानं पुसली, कपाळाला लावली आणि वाकून चिखलात ठेवली.

"त्यायनं सारं घर उचललं होतं," हिरालालांच्या डांबरी आकड्याकडं पाहत त्या पुटपुटल्या, "गाडी काय चीज हाय."

जॅक त्या फळीवर ठाम उभा राहिला. गाडी वर आली, चाकांखाली फळ्या सरकल्या. मग धीरज गाडी चार हात पुढं घ्यायचा, उतरायचा, डोमाजी आणि तो मागच्या फळ्या उचलून पुढं टाकायचे. घाई नाही की चिडचिड नाही. सखल भाग संपेस्तोवर हेच चाललं, आणि तो संपल्यावर अनुसयाबाई पुन्हा पुढच्या सीटवर चढून बसल्या. पदर सारखा केला, हाताचा चिखल पुसून टाकला.

लक्ष्मणरावांच्या दारात गाडी थांबली तेव्हा कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं गाडीच्या पुढं पाहिलं, मागं पाहिलं. बैल नव्हते. मग बाईंच्या पायांकडं पाहिलं. चिखल होता खरा, पण त्या दिवशी कोकिळा पाणी घालताना काहीच बोलली नाही. चहा मात्र तिनं नेहमीपेक्षा गोड केला. राखी बांधताना अनुसयाबाईंना इतकं हलकं वाटत होतं, की भावानं तब्येतीचं विचारलं तेव्हा गुडघ्यांचं सांगायचंच राहून गेलं.

जेवण झाल्यावर त्या मागं विहिरीवर गेल्या. धीरज फळ्या धूत होता. एक नंबरची फळी त्यानं सगळ्यात आधी धुऊन उन्हात उभी केली होती. तो स्वतःहूनच म्हणाला, की तसं पाहिलं तर गाडी फसलीच होती, आजी म्हणेल तर गिऱ्हाईक पाहतो.

अनुसयाबाई विहिरीच्या काठावर टेकल्या.

"फसली तं होतीच. माया डोळ्यांनं पाह्यली मी. पण तू रेस नाई केली. उतरला, वाकून पाह्यलं, मंग हात लावला. गाडीचा भरोसा मले कालबी नव्हता अन् आजबी नाई. तुया हाय. जाजो लडाखले. फक्त या फळ्या पुऱ्या वाळवून नंबरानं लावजो, अन् एक नंबर उशाले येऊ देजो, पायथ्याले नाई."