बोटभर उरलेला वास

मित्रांनो, सोलापुरात एका भाड्याच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात मी पडून आहे. मी एक जुनी सेंटची बाटली. कारखान्यात माझ्यात लॅव्हेंडर आणि व्हॅनिला भरलं, गळ्याशी सोनेरी कडं बसवलं आणि तेव्हापासून माझी मान ताठच राहिली.

ऋतुजानं मला पहिल्या पगारात घेतलं. ती चादरींच्या दुकानात कामाला होती. सकाळी दोन्ही मनगटांवर एकेक फवारा, एक कानामागे. घासायची नाही, वास आपोआप उमलू द्यायची. आधी लॅव्हेंडर यायचा, धुतलेल्या कपड्यासारखा गार. तो उडाला की व्हॅनिला संध्याकाळपर्यंत अंगाला धरून राहायचा. गिऱ्हाइकं चादरी सोडून विचारायची, "कुठलं सेंट वापरता ओ ताई?"

तिची आई तानाबाई सांगोल्याकडं मेंढ्या राखायची. सुट्टीला लेक आली की तिचं मनगट नाकाशी धरून म्हणायची, "आली गं माजी बिस्किटाची पुडी."

एका थंडीत आम्ही गावी पोचलो, तेव्हा एक मेंढी नुकतीच व्याली होती. तानाबाई पाण्याला गेलेली. ओलं कोकरू कुडकुडताना बघून ऋतुजानं ते आपल्या ओढणीत गुंडाळलं, पुसून पुसून कोरडं केलं, छातीशी धरलं. माया तिचीच होती. वास मात्र माझा होता.

कोकरू कासेला लागायला गेलं. मेंढीनं हुंगलं आणि ढुशी मारली. पुन्हा गेलं, पुन्हा ढुशी.

तानाबाई परतली तेव्हा ऋतुजा रडकुंडीला आली होती. "आई, तिचंच हाय की गं ते."

"तिला कसं कळावं? मेंढी लेकरू नाकानं वळखती. तू तर त्येला पार सोलापूरचं करून टाकलंस."

तानाबाईनं कोकराला धुतलं, मेंढीचंच दूध त्याच्या अंगाला चोळलं. मेंढी बधली नाही. वरचं दूध कोकराला पचलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेलं. तानाबाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "इचारायचं हुतंस, पोरी."

ऋतुजानं मला त्याच ओढणीत गुंडाळून या कप्प्यात टाकलं. दोन वर्षं. सोलापूरचे उन्हाळे, वर पत्रा. माझा लॅव्हेंडर त्या उकाड्यात विरून गेला.

मग साखरेच्या आजारानं तानाबाईचे डोळे गेले आणि ऋतुजानं तिला खोलीवर आणलं. पुढं तिला तापानं धरलं. ताप चढला की भान हरपून ती पेजेचा चमचा हातानं लोटायची.

"कोण हायस गं तू?"

"मीच की आई. ऋतुजा."

"न्हाय. माज्या ऋतुजाला बिस्किटाचा वास येतो."

ऋतुजानं चमचा खाली ठेवला. तिला त्या घडीला ते कोकरू आठवलं, हे मला ठाऊक आहे. तिनं मला बाहेर काढलं, मनगटावर दाबलं. जुना, जडावलेला व्हॅनिला तेवढा निघाला. तानाबाईनं ते मनगट नाकाशी ओढलं, बराच वेळ हुंगलं. मग तोंड उघडलं.

चार दिवस मी रोज कामाला आले. पाचव्या दिवशी तानाबाई गेली, माझी गरज लागली नाही.

मित्रांनो, माझ्या तळाशी बोटभर सेंट उरलंय, तेही उडेल. आम्हाला ठेवणीत टाकू नका. हुंगणारं माणूस आहे तोवर अंगाला लावा. आणि नुकत्या जन्मलेल्या जिवाला उचलण्याआधी, त्याच्या आईला तुमचा वास चालेल का, एवढं कुणाला तरी विचारा.