फाट्यावरचा बॅनर

देवराम गुरुजी देव मानत नाहीत हे साखरशेत गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. एखाद्याला कमी ऐकू येतं, एखाद्याला चहा चालत नाही, तसं गुरुजी देवळात हात जोडत नाहीत. मास्तर माणसाची खोड, म्हणून लोक सोडून द्यायचे. चौतीस वर्षं त्यांनी पाड्यापाड्यांवर शाळा केली होती. सूर्यमाळला असताना साप चावलेल्या माणसाला भगताच्या अंगणातून दवाखान्यात न्यायचं तर डोलीला पहिला खांदा त्यांचा असायचा. पण तेव्हाही 'तू खोटा' असं त्यांनी भगताला कधी म्हटलं नाही. म्हणायचे, "तुझं झालं ना मंतरून? आता डॉक्टरला त्याचं करू दे." भगत हसायचा आणि वाट सोडायचा.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि त्या माघात हर्षदा आली. सूर्यमाळच्या शाळेतली त्यांची विद्यार्थिनी. आता ठाण्याला कॉलेजात शिकवत होती आणि देव न मानणाऱ्या माणसांच्या एका लहानशा मंडळात होती.

"गुरुजी, फाट्यावर रस्त्याला लागून तुमचं खाचर आहे ना? तिथं एक बॅनर लावायचाय," असं म्हणून तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर मोठ्यात 'देव नाही.' आणि खाली बारीक, 'असं वाटणारे तुम्ही एकटे नाही.'

गुरुजींनी दोन्ही ओळी वाचल्या. "रस्त्यावर असं लावून कुणाचा देव जातो का गं?"

"कुणाचा घालवायचा नाहीये. जव्हारवरून येताना बघितलं मी, वळणावळणावर कुठल्या ना कुठल्या बाबाचा बॅनर. त्यांनी लावला तर भक्ती, आणि आम्ही एक ओळ लिहिली तर आगाऊपणा?"

"बॅनर वाचून कुणी बाबाकडे जात नाही, हर्षदा. शेजारीण सांगते म्हणून जातात. मन वळवायचं तर शेजारी बसावं लागतं."

"आणि ज्याच्या शेजारी बसणारं कुणीच नाही, त्यानं काय करायचं?" हर्षदाचा आवाज जरा चढला. "बारावीत असताना मला वाटायचं, माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे. सगळे डोळे मिटून उभे, आणि मला आत काही म्हणजे काही वाटत नाही. तुम्हीही तसेच, हे मला कळलं दहा वर्षांनी. गुरुजी, तुम्ही एकदा तरी बोलला असता तर?"

ते गुरुजींना लागलं. पंचविशीत वांगणीच्या शाळेवर एका खोलीत राहत असताना आपणही असेच धास्तावलो होतो, हे त्यांना आठवलं. त्यांनी जागा दिली. सोमी, त्यांची बायको, चुलीशी चहा गाळत होती. तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

चार दिवसांत बॅनर उभा राहिला. गुरुजींनी पहिले काही दिवस खाचरात आंब्याखाली खुर्ची टाकली. कुणी थांबेल, विचारेल, भांडेल तरी. जीपवाले वेग कमी करून वाचायचे आणि पुढं जायचे. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बॅनरच्या बांबूला कुंकू लावून गेलं. उन्हं चढली की शेरडं त्याच्या सावलीत बसू लागली. एक माणूस थांबला, तर त्याला पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी शेजारची जागा हवी होती. टँकरसाठी हंडे लावून बसलेल्या बायकांतली धाकली म्हणाली, "देव नाय तं नाय, गुरजी. पन टँकर हाय का नाय ते लिवा की कुटंतरी!" बायका हसल्या, गुरुजीही पोट धरून हसले. हे काही वाईट चाललेलं नाही, असं त्यांना वाटलं.

खालची बारीक ओळ रस्त्यावरून वाचताच येत नव्हती. हे मात्र ना त्यांच्या लक्षात आलं ना हर्षदाच्या.

सोमी शाळेत गेलेली नव्हती. लग्नानंतरही शिकली नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत, घरात दुपार सरेनाशी झाली तेव्हा, गुरुजींनीच तिला पाटी आणून दिली होती. आता ती दुकानांच्या पाट्या वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची. फाट्यावरच्या त्या दोन शब्दांत जोडाक्षर नव्हतं.

मोखाड्याचा बाजार करून ती जीपमधून फाट्यावर उतरली, त्या दिवशी तिनं ते वाचलं. घरी आली. पिशवी भिंतीला टेकवली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"बॅनर तुमी लावला?"

"हर्षदानं. जागा आपली."

"लिवलंय ते खरं हाय?"

याच प्रश्नावर त्यांनी मित्रांशी तासन् तास वाद घातले होते. आता ते एवढंच म्हणाले, "मला तसं वाटतं."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

ती खाली बसली. "म्हंजे भावेश गेला तवा पन?"

भावेश त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी श्रावणात, घाटात दाट धुकं असताना, त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. सोमी तीन दिवस भिंतीला पाठ लावून बसली होती. अन्नाला शिवली नव्हती. येईल त्याला एकच विचारायची, तो कुठं गेला? तिसऱ्या दिवशी गुरुजी तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, "देवाकडं आहे. बरा आहे तो." मग ती दोन घास जेवली.

"भगतानं सांगितलं असतं तं मी मानलं नसतं," सोमी म्हणाली. "त्याचा धंदाच हाय तो. तुमी कदी हात जोडत नाय. तरी तुमी बोलला. मनात म्हनलं, ह्या मानसाला पन दिसलं असंल कायतरी."

ती उठून पिशवीतली सुकी मासळी डब्यात भरू लागली.

पुढं ती रडली नाही की भांडली नाही. भाकरी वेळेवर व्हायची. संध्याकाळी दिवा लावायची, पण लावून झाला की त्याच्यापुढं थांबायची नाही, जशी वीज गेल्यावर मेणबत्ती लावावी. पाटी तिनं फडताळावर ठेवून दिली. गुरुजी जवळ बसायला गेले की तिला परसात काहीतरी काम निघायचं.

चैत्र लागला आणि बोहाड्याची तयारी सुरू झाली. बोहाड्यात लाकडी मुखवटे चढवून देवांची सोंगं नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. नरसिंहाचं सोंग गुरुजींच्या घराचं. गुरुजींनी ते कधी चढवलं नाही, त्यांच्या भावानं नाचवलं, मग भावेशनं सात वर्षं. भावेश गेल्यावर पुतण्या विनोद भिवंडीच्या गोदामातून रजा काढून यायचा. सोंग घराबाहेर काढताना ओवाळायचा मान सोमीचा. मुखवट्याच्या आतल्या कापडाला अजून भावेशच्या घामाचा वास आहे, असं ती म्हणायची.

बोहाड्याचं सगळं पाहणारे फागूदादा एका सकाळी दोन माणसं घेऊन आले. ओट्यावर बसले. पाणी झालं.

"गुरुजी, आमचा तुमच्यावर राग नाय," फागूदादा म्हणाले. "माजी पोरं तुमच्याच हाताखाली शिकली. पन सोंग म्हंजे देव. ज्या घरात देव नाय, त्या घरात तो ठेवायचा कसा? आमी नाय म्हनत, तुमच्याच बॅनरवर लिवलंय."

"दादा, तो बॅनर माझं मत आहे. घर सोमीचंही आहे."

"मग तसं लिवायचं व्हतं."

फागूदादांनी आवाज खाली आणला. "बॅनर उतरवा. आन देवळात चार मानसांम्होरं एक नारळ फोडा, चुकलं म्हना. सोंग तुमच्याच घरी ऱ्हाईल. नायतर ढवळूचं घर मागतंय. चार दिवस घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी बोहाड्यासाठी आलेल्या विनोदला घेऊन फाट्यावर गेले. हर्षदाला त्यांनी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मी येऊन काकूंशी बोलू का?"

"काय बोलशील?" गुरुजींनी विचारलं.

विनोद दोऱ्या कापत असताना उपकेंद्रातली नर्स पुष्पा स्कूटरवरून चालली होती. ती थांबली.

"का काढताय, गुरुजी?"

"घरच्यांसाठी."

तिनं मागं-पुढं रस्ता पाहिला. "मी रोज वाचत होते. एकदा स्कूटर लावून जवळ येऊन खालची ओळपण वाचली. दिवसभर बरं वाटलं होतं."

"मग आली का नाहीस? मी इथंच तर बसायचो."

"नोकरी आहे, गुरुजी. सासर आहे." तिनं स्कूटर सुरू केली आणि निघून गेली.

गुरुजी गुंडाळलेला बॅनर हातात धरून उभे राहिले. हर्षदाचं खरं होतं, आणि त्यांचंही. त्याचं आता काय करायचं हे मात्र त्यांना कळेना.

घरी आल्यावर ते सोमीला म्हणाले, "उतरवला. उद्या नारळ फोडतो. म्हणतो चुकलं."

सोमी सुपात नाचणी पाखडत होती. तिचे हात थांबले. "वाटतंय का तुमाला, चुकलं म्हनून?"

"तुझ्यासाठी म्हणेन."

"नको."

"सोमी, एक नारळ तर आहे."

"परत खोटं?" ती म्हणाली. "एक डाव बोलला, त्याच्यावर मी सा वर्सं काढली. आता दुसऱ्यानं माजं पोट नाय भरनार. मला म्हाईत झालं ना." तिनं सूप खाली ठेवलं. "खोटं बोलला त्याचा राग नाय मला. मी मरत व्हते, तुमी जगवलं. पन खरं बोलायचं व्हतं तं घरात बोलायचं. माज्याजवळ बसून. जीपमदल्या मानसांसंगं मी ते वाचलं, रस्त्यावर, हातात पिशवी घेऊन."

गुरुजी म्हणाले, "मला धीर झाला नाही."

"रस्त्यावर लिवायचा झाला."

चौथ्या दिवशी सोमीनंच माळ्यावरून सोंगाची टोपली उतरवली. मुखवटा नव्या कापडात बांधला. विनोद म्हणाला, "काकी, थांब ना. मी फागूदादांशी बोलतो. मी तर मानतो ना देव!" ती म्हणाली, "तू मानतोस बाळा. घरानं मानायला पायजे." टोपली डोक्यावर घेऊन ती एकटी ढवळूच्या घरी गेली आणि देऊन आली. गुरुजी ओट्यावर उभे होते. तिच्यामागं जावं की जाऊ नये, एवढंही त्यांना ठरवता आलं नाही.

त्यांच्या गावात नरसिंहाचं सोंग शेवटच्या दिवशी उजाडल्यावर निघतं. त्या सकाळी सोमी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. गुरुजी तिच्या शेजारी येऊन बसले. ती उठली नाही. त्यांनीही फुलं पसरायला घेतली.

सांबळ वाजत वाजत जवळ आला. मागच्या आळीतून सोंग चाललं होतं. घरांच्या आडून घुंगरांचा आवाज येत होता, लोक ओरडत होते. गुरुजींना वाटलं, आता काहीतरी बोलावं. चौतीस वर्षं बोलण्याचंच काम केलेल्या माणसाला एक वाक्य सापडेना. देव आहे म्हणता येत नव्हतं, आणि नाही हे तर सांगून झालं होतं.

सोमी मान वाकडी करून ऐकत होती.

"ढवळूचा मानूस अडखळतोय," ती म्हणाली. "डावा पाय उशिरा पडतोय त्याचा."

गुरुजींनी कान दिला. त्यांना नुसतीच घुंगरं ऐकू आली.

"हो," ते म्हणाले.

सोमीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना काही कळलेलं नाही हे तिला कळलं. सांबळ देवळाकडं वळेपर्यंत दोघंही खाली मान घालून फुलं पसरत राहिले.