इदवाल डिंकाची चार चाकं

यातलं कुणाला काही खरं वाटणार नाही, आणि न वाटलं तरी हरकत नाही. पण अख्ख्या वेल्समध्ये असा दुसरा माणूस कुणी दाखवून द्यावा, ज्याने एकवीस वर्षांत सतरा वॅगनी बांधायला घेतल्या, सतराच्या सतरा बिघडवल्या, आणि त्यातली एक भुवईला चिकटलेल्या अवस्थेत रविवारी चॅपलमध्ये पहिल्या रांगेत बसून तीन स्तोत्रं म्हटली. ब्लायनाय या त्याच्या खाणगावात पॅरी आडनावाची नऊ घरं होती. दूधवाला पॅरी होता, टपालवाला पॅरी होता. त्या रविवारपासून इदवाल पॅरीचा इदवाल डिंक झाला.

वॅगनी म्हणजे खऱ्या नव्हेत. पाटीच्या दगडाच्या खाणीत अरुंद रुळांवरून ज्या धावायच्या, त्यांची तळहाताएवढी प्रतिकृती. खोक्यात सुटे भाग यायचे, सोबत एक पुस्तिका यायची, आणि माणसाने घरी बसून ते जुळवायचे. ज्यांनी तारुण्यात खऱ्या वॅगनी ढकलून कंबर मोडून घेतली, तीच माणसं म्हातारपणी चष्म्यावर चष्मा चढवून त्यांची पिल्लं का बांधत बसतात, हे त्यांच्या बायकांना कधी कळलं नाही. त्यांना स्वतःलाही कळलं होतं अशातला भाग नाही.

ही मंडळी शनिवारी दुपारी मोरिया चॅपलमागच्या खोलीत जमायची आणि त्या खोलीला कबान म्हणायची. खाणीत असताना जेवणाच्या सुट्टीत ज्या दगडी खोपटात चहा पीत, वाद घालत, एकमेकांना थापा मारत, त्याचंही नाव तेच. खाण बंद झाली तेव्हा लोकांनी तांबं नेलं, दोर नेले. या माणसांनी खोपटातला लाकडी बाक उचलून आणला. सात जणांचा बाक, शेगडीच्या बाजूला. बाकीच्यांनी घडीच्या खुर्च्यांवर बसायचं.

बाकाच्या पाठीवर चाकूने कोरलेली आद्याक्षरं होती, आणि शेगडीपासून तिसऱ्या जागी होती ती इदवालच्या बापाची. त्या जागेवर गेली काही वर्षं तुदुर नावाचा गृहस्थ बसत होता. फेब्रुवारी सरता सरता तो मुलीकडे कार्डिफला राहायला गेला आणि जागा मोकळी झाली. इदवाल चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याला दुसरं काही नको होतं. बापाच्या अक्षरांना पाठ टेकून एक कप चहा प्यायचा होता.

पण बाक फुकट मिळत नसे. स्वतःच्या हाताने बांधलेली वॅगन दगडाच्या छोट्या पाट्यांनी भरून उतारावरून सोडायची. उतार खोलीच्या भिंतीला लावलेला, फळीचा, त्यावरचे रूळ मुद्दाम वाकडेतिकडे. एकही पाटी न पडता ती खाली यायला हवी आणि तळाशी काडेपेटीतली काडी आडवी ठेवलेली असे, तिच्या अलीकडेच थांबायला हवी. एवढं झालं की उमेदवाराने चहाचा कप हातात घेऊन ती कशी बांधली ते सांगायचं. तिखटमीठ लावलं तरी चालायचं, किंबहुना लावलंच पाहिजे असा दंडक. फक्त ऐकणाऱ्यांपैकी कुणी मोठ्याने ‘खोटं’ म्हणालं की गोष्ट तिथे संपली आणि उमेदवारीही. तसं म्हणायची वेळ कधी येत नसे. सगळ्यांची तोंडं केकने भरलेली असत, आणि प्रत्येकाला आपली पाळी आठवत असे.

इदवालचं घोडं दरवेळी एकाच ठिकाणी अडायचं. चाकांपाशी.

“वाच,” बुधवारी दुपारी त्याने पुस्तिका नेस्टासमोर आपटली. नेस्टा त्याची बायको. “मोठ्याने वाच. ‘चाके आसावर घट्ट चिकटवावीत.’ घट्ट. कुणा दीडशहाण्याने लिहिलंय हे? खाण चित्रात तरी पाहिली होती का त्याने?”

“मला कशाला विचारतोस? मी लिहिलं का?”

“आपल्या खाणीत रुळांची रुंदी दर दहा पावलांना बदलायची. चाक आसावर सुटं फिरायला हवं, एकेकटं. नाहीतर पहिल्या वळणाला गाडी आडवी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.”

“मग सुटं बसव.”

“सुटं बसव म्हणे. तोंडाने बसवतेयस.”

सुटं बसवायचं म्हणजे चाकाचं भोक हातड्रिलने एक केस मोठं करायचं, आसाच्या दोन्ही टोकांना राईएवढी कडी घालायची, आणि ती कडी निसटू नये म्हणून तिच्या आरपार केसाएवढी तार खुपसायची. त्या तारेच्या टोकाला गोंदाचा एक ठिपका. ठिपका जरा वाढला की चाक आसाला धरून बसलं, अगदी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. सतरा वॅगनींना हेच झालं होतं. इदवालची बोटं गाजरांसारखी. ती दगडासाठी बनलेली होती. छिन्नी दगडाच्या कडेवर टेकवून तो असा टोला द्यायचा की कागदासारखी पाटी अलगद सुटून यायची. या वॅगनीसाठी त्याने नखाएवढ्या छत्तीस पाट्या सोलल्या होत्या, खऱ्या दगडाच्या, सगळ्या एका मापाच्या. तिथे त्याचा हात थरथरत नसे. चिमटा हातात आला की सुरू.

बुधवारी पहिली तार गालिच्यात पडली. दुसरीही तिच्या शोधात गेली. तिसरी त्याने ओठात धरली आणि नेस्टाने जेवायला हाक मारल्यावर “आलो” म्हणताना गिळली. गुरुवारी त्याने तीन चाकं बसवली, हात जोडून त्यांच्याकडे पाहिलं, फुंकर मारली. तिन्ही ढिम्म. मग त्याने ती ॲसिटोनमध्ये टाकली. गोंद सुटला नाही, वॅगनीचा रंग तेवढा सुटला. शुक्रवारी सकाळी रंग पुन्हा दिला, चौथ्यांदा भोकं पाडली, आणि अंगठा व मधलं बोट अशी दोन बोटं एकमेकांना आणि त्या दोघांना चहाच्या कपाचा कान, असं सगळं एकत्र चिकटवून घेतलं.

“नेस्टा,” तो शांतपणे म्हणाला, “मी हे सगळं गोळा करून तळ्यात टाकतोय.”

“कपासकट?”

“माझ्यासकट.”

नेस्टाने गरम पाण्यात त्याचा हात बुडवला, बोटं सोडवली, कप वाचवला. “जा, जरा फिरून ये. पाव संपलाय.”

“पाऊस पडतोय.”

“ब्लायनायमध्ये कधी नसतो?”

तो गेला. पावाच्या दुकानात त्याला तासभर लागला, कारण दुकानात जो भेटेल त्याला त्याने चाकाबद्दल सांगितलं, आणि दुकानदार बाईंनी शेवटी पाव त्याच्या हातात कोंबून दार उघडून धरलं. घरी आला तर नेस्टा खिडकीपाशी बसली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. पापणीच्या केसापेक्षा बारीक टाके घालायच्या सुया तिच्या हातून गेल्या होत्या. समोर चारही चाकं बसवलेली वॅगन होती. तिने एका चाकाला करंगळीचं नख लावलं. ते एकटंच फिरलं, बाकीची तीन आपापल्या जागी स्वस्थ राहिली.

इदवाल पाव काखेत मारून दारातून आत आला आणि त्याने दुसरं चाक फिरवून पाहिलं.

“तार बाहेरून नाही, आतून घालायची,” नेस्टा म्हणाली. “आणि गोंद सुईच्या टोकावर घ्यायचा. तू तर चमच्याने वाढतोस.”

“मी हेच करणार होतो.”

“एकवीस वर्षं?”

“आज संध्याकाळी.”

ती हसली नाही. “उद्या सांगशील ना तिथे? चाकं कुणी बसवली ते?”

“सांगेन की. त्यात काय.”

“ठीक आहे मग.”

शनिवारी मोरियाच्या मागच्या खोलीत जागा उरली नव्हती. इदवालची अठरावी वॅगन पाहायला अशीही माणसं आली ज्यांना वॅगनीशी काही देणंघेणं नव्हतं. बायका मागच्या टेबलाशी चहा ओतत होत्या, फळांच्या पावाला लोणी लावत होत्या. नेस्टा किटली घेऊन उभी. मेरिग, कबानचा अध्यक्ष, खाणीत उताराचा ब्रेक सांभाळायचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट वेगाने होऊ द्यायची नाही हा त्याचा स्वभाव झाला होता.

“इदवाल डिंक,” त्याने कागद पाहत पुकारलं, जसं काही समोर दुसरा कुणी असेल. “खिशात ठेवलीयस की कुठे चिकटलीय?”

“हसून घ्या,” इदवाल म्हणाला.

त्याने छत्तीस पाट्या एकेक करून वॅगनीत उभ्या लावल्या. बाकावरच्या आयरविनने एक उचलून उजेडात धरली. तो खाणीत इदवालच्याच शेजारी पाट्या सोलायचा. “दगड सोलावा तर यानेच,” तो म्हणाला, आणि ते त्याने खरोखर मनापासून म्हटलं.

वॅगन सुटली. पहिल्या वाकड्या जोडावर ती डगमगली, आणि खोलीतल्या निम्म्या माणसांनी आपसूक हात पुढे केले. मग चाकांनी आपापली वाट धरली, डावं एकीकडे रेललं, उजवं दुसरीकडे, वळण गेलं, दुसरं गेलं, आणि वॅगन खाली येऊन काडीपासून दोन बोटं अलीकडे थांबली. छत्तीसच्या छत्तीस पाट्या उभ्या. मेरिगने ती उचलली, उलटी केली, एक चाक फिरवलं. मग दुसरं.

“सुटी आहेत,” तो म्हणाला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नसावा. “इदवाल, ही सुटी आहेत.”

“मग काय.”

“नियमाप्रमाणे, वॅगन ज्याच्या हातची, बाक त्याचा. कप घे. सांग.”

इदवालने कप घेतला. त्याने बाकाकडे पाहिलं, शेगडीपासून तिसऱ्या जागेकडे, जिथे जुन्या लाकडात दोन अक्षरं काळी पडली होती. आणि तोंड उघडलं.

त्याने सांगितलं की शेवटची तार त्याने चिमट्यात धरली एवढ्यात त्याला शिंक आली, आणि तार खिडकीतून उडून थेट मानोडच्या डोंगरावर चरणाऱ्या मेंढीच्या लोकरीत घुसली. माणसं माना हलवत होती. मेंढ्या होत्या चारशे. त्याने चारशेंना नावं विचारली. आयरविनने पावाचा दुसरा तुकडा घेतला. ती मेंढी सापडली तेव्हा तिची लोकर कातरून गेली होती, लोकर गिरणीत, गिरणीतून सूत, सुतातून स्वेटर, आणि स्वेटर कुणाच्या अंगात, तर पाद्रीबाबांच्या. मग प्रवचन चालू असताना, पापाच्या फळावर बाबा आले असताना, इदवालने लोहचुंबक घेऊन मागून हळूच...

“तार पितळेची असते,” आयरविन म्हणाला.

“बाबांच्या अंगात लोखंड जास्त आहे,” इदवाल म्हणाला. “ते सगळेच ओढले गेले, तारेसकट.”

खोली हसली. मेरिगने टेबलावर दोन टिचक्या मारल्या, म्हणजे चालू दे. कुणी ‘खोटं’ म्हणालं नाही. इतकी गुळगुळीत थाप बऱ्याच वर्षांत बाकासमोर कुणी मारली नव्हती. मागे नेस्टाने किटली खाली ठेवली होती. लोणी लावायची सुरी थांबवून शेजारच्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. इदवालला ते दिसलं. त्याला कालचा पाव आठवला, दार आठवलं, ‘सांगेन की’ आठवलं. शेगडीची ऊब पायांना लागत होती. दोन पावलांवर जागा रिकामी होती, आणि मेरिग आपल्या वहीत नाव लिहायला पेन उघडत होता.

“मग,” इदवाल म्हणाला, आणि त्याचा आवाज किंचित खाली आला, “घरी आलो. खिडकीपाशी बसलो. गोंद घेतला सुईच्या टोकावर, एवढासा. तार घातली आतून, बाहेरून नव्हे, तिथेच सगळे चुकतात. आणि या माझ्या दोन हातांनी ती चारही चाकं...”

“खोटं,” नेस्टा म्हणाली.