गल्लीच्या चाव्या

वडनेर भोलजीच्या त्या गल्लीत कुलूप लावायची रीत होती, पण चावी सोबत न्यायची नव्हती. सकाळी भाकरी बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून बाया शेताकडे निघाल्या की प्रत्येकीची पावलं आधी वच्छलामायच्या ओट्याकडे वळायची. चावी तिच्या हातात द्यायची, चार शब्द बोलायचे आणि पुढे चालू पडायचं. वच्छलामायला दिसायचं कमी. म्हणून तिनं प्रत्येक चावीला त्या त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. बोटांनी चाचपलं की तिला घर कळायचं.

आता घरची माणसं काही एकदम परतत नाहीत. पोरगी कॉलेजातून आधी येते, सासू वावरातून मागून येते, आणि मधेच एखादा पाहुणा टपकतो. पाहुणा आला की वच्छलामाय त्याला तांब्याभर पाणी द्यायची, कोणाचा कोण ते विचारायची आणि चावी हातावर ठेवायची. "जाय बापा, पंखा लाव अन् पड आतमंधी. येतीन ते दिवस बुडता बुडता." असे कितीतरी जावई आणि मामेसासरे त्या गल्लीत घरच्यांच्या आधी घरात झोपलेले होते. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

सुचिता तर चावीसोबत लेकरूही ठेवायची. मयुरी दीड वर्षाची होती. वांग्याच्या वावरात काटे, ऊन आणि फवारणीचा वास. ओट्यावर सावली होती, आणि वच्छलामायची मांडी होती. म्हातारीचं स्वतःचं असं कोणी उरलं नव्हतं. मयुरी तिच्या मांडीवर बसून चिंध्यांशी खेळायची आणि सुचिता सासूसोबत निर्धास्त वांगी तोडायची. नवरा राजकुमार मालवाहू ऑटोतून माल नांदुऱ्याच्या बाजारात न्यायचा.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी एक पाहुणा आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. तो वाकून वच्छलामायच्या पाया पडला. "मी सत्यभामामावशीचा भाचा, मोताळ्याचा. अपेक्षाचं जमलं म्हने, म्हटलं भेटून यावं." समोरच्या अर्जुनराव-सत्यभामाबाईंच्या पोरीचं, अपेक्षाचं, लग्न ठरलं होतं हे साऱ्या तालुक्याला मोबाईलवरून कळलेलं होतं. वच्छलामायनं त्याला पाणी दिलं. त्यानं मयुरीच्या हातावर पेढा ठेवला. मग चावी घेतली, आत गेला, थोड्या वेळानं बाहेर आला, कुलूप नीट लावलं आणि चावी परत दिली. "मावशीले सांगजा, बस चुकन म्हनून निघालो."

दागिने गेल्याचं कळलं ते तिन्हीसांजेला. अपेक्षाची पोत, झुमके, आईनं जपून ठेवलेल्या पाटल्या, सगळं गेलं.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, "आजी, ओळख पटवली नाही का त्याची?"

वच्छलामाय म्हणाली, "पाहुन्याले कोनी कागद मांगते का साहेब?"

साहेब हसला नाही. सत्यभामाबाई दारात बसून होती, ती म्हणाली, "पानी पाजलं बुढीनं त्याले. पंखा लावून झोप म्हनलं असन. चहाच तेवढा राह्यला."

वच्छलामायनं मान खाली घातली. ती म्हणाली, "तुह्या माहेरचं नाव घेतलं व त्यानं."

"घेईन नाही तं काय. तुह्या माहेरचं कोन घेते?"

त्यानंतर गल्लीत कोणी काही ठरवलं असं नाही, पण एकेक घर जाऊन आपली चावी घेऊन आलं. अर्जुनरावांनी लोखंडी सरकतं गेट बसवलं आणि वर कॅमेरा लावला. शेजारच्यांनी भिंतीवर काचा रोवल्या. सुचिताची सासू शालूबाई म्हणाली, कुत्रं पाळू. पण राजकुमारला कुत्र्याचा भरवसा नव्हता. त्याला रात्री झोपच लागत नव्हती. दागिन्यांचं त्याला काही नव्हतं, त्यांच्या घरात होतंच काय. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा.

"त्यानं माह्या पोरीच्या हातावर पेढा ठेवला, सुचिता. पोरीलेच उचलून नेलं असतं तं?"

सुचिताला आठवलं, तो पेढा मयुरीनं अर्धा खाल्ला होता. तिचा चिकट हात पुसताना सुचितानंच कौतुकानं विचारलं होतं, कोणी दिला गं?

ती म्हणाली, "आपन माईले सांगू ना, की कोनालेच चावी देजो नको. आमच्याशिवाय कोनालेच. ऐकन ते."

"ते ऐकन. अन् उद्या कोनी दारात येऊन पाया पडला की देईन. तिले नाही म्हनता येत नाही, सुचिता. वाईट नाही ते. पन तिले येतच नाही."

हे खोटं नव्हतं, म्हणून सुचिताला जास्त लागलं.

रविवारी तो तिला ऑटोत बसवून नांदुऱ्याला घेऊन गेला. हार्डवेअरच्या दुकानात कुलपांची भिंतच होती. दुकानदारानं एक जाडजूड काळं कुलूप काउंटरवर ठेवलं. "हे पाहा भाऊ, याच्यात सायरन हाय. हात लागला की बोंबलते. चोर तं पळनच, पन पहिल्या दिवशी वहिनीबी पळतीन." आणि त्यानं ते हलवून दाखवलं. दुकानातली सगळी माणसं कानावर हात ठेवून वळली. सुचिताच्या कडेवरची मयुरी घाबरून जी रडायला लागली ती थांबेना.

राजकुमार म्हणाला, "आवाज आला की गल्ली धावून येईन."

"दिवसा गल्लीत असते कोन?" सुचिता पोरीला थोपटत म्हणाली. "सारे वावरात. वच्छलामायच तं असते."

राजकुमारनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं कुलूप पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी चावी परत आणायला सुचिताच गेली. नवऱ्याला जाऊ द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. काय बोलायचं ते तिनं घरातून निघताना तीनदा मनात जुळवलं. पण वच्छलामायनं तिला बोलूच दिलं नाही. पायांचा आवाज ओळखून तिनं कमरेची पिशवी सोडली. आत आता एकच चावी होती. तिला सुचिताच्या पिवळ्या साडीची चिंधी होती.

"घे माय. तूच मागून आली सगळ्यायच्या. मले वाटलं होतं, तू येतच नाही काय की."

"माई, त्यायले भेव वाटते व. मले नाही वाटत."

"वाटलं पाहिजे. लेकरू हाय घरात."

सुचिता ओट्यावर बसली. तिनं मयुरीला खाली सोडलं. पोर सवयीनं म्हातारीच्या मांडीकडे सरकली. सुचिता म्हणाली, "मी काय म्हनते माई, चावीचं सोड. मयू तं राहीनच तुह्यापाशी. सकाळी टाकून जाईन, रोजच्यासारखी."

वच्छलामाय पिशवीची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"राजकुमार हो म्हनते?"

सुचिताला खोटं बोलता आलं नाही. "म्हनन तो. मी सांगते त्याले."

"नाही म्हनत तो. अन् बरोबर हाय त्याचं. ज्या बाईपाशी चावी ठेवाले भेव वाटते, तिच्यापाशी लेकरू काऊन ठेवता? चावी गेली तं कुलूप बदलता येते."

तिचा आवाज चढला नव्हता. सुचिताला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. म्हातारीनं मयुरीला बगलेत धरून उचललं, सुचिताकडे दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून आत गेली.

मग मयुरी वावरात जायला लागली. निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली. झोळीत ती रडायची, खाली सोडली तर मातीत बसायची. मुंगळे चावून तिच्या पोटऱ्या लाल झाल्या. सुचिताच्या हातात वांगी आणि कान झोळीकडे. शालूबाई म्हणायची, "तू बस घरी पोरीले घेऊन, मी तोडते." पण तिच्या कमरेनं सकाळीच हात टेकलेले असायचे. एवढी वांगी एकटीनं कशी तोडणार होती ती?

इकडे वच्छलामायचा ओटा दिवसभर रिकामा राहायचा. दार लोटलेलं. सुचिता संध्याकाळी भाजी द्यायला जायची तर म्हातारी दारातूनच घ्यायची, पोरीचं नाव काढायची नाही. गल्लीत गेटं वाजायची, कुलपं वाजायची, पण दिवसा माणसाचा आवाज असा उरला नव्हता. अर्जुनराव एकदा मोबाईलवर कॅमेऱ्यातली गल्ली दाखवत होते. "पाहा, चिटपाखरू नाही," ते समाधानानं म्हणाले.

अशाच एका मंगळवारी सुचिताचे वडील, कडूबा आले. मेहकरकडचं हिवरा आश्रम, तिथून दोन-तीन बस बदलून. कडूबांनी नातीसाठी झबलं घेतलं होतं आणि नव्या मुगाची डाळ पिशवीत घातली होती. येतो म्हणून कळवलं नव्हतं. लेकीच्या घरी यायला कळवायचं काय. मागच्या खेपांना आले तेव्हा घर बंदच होतं, आणि वच्छलाबाईंनी पाणी देऊन चावी हातावर ठेवली होती. म्हणून ते सरळ तिच्या ओट्यापाशी गेले.

हे सगळं सुचिताला कळलं ते दिवे लागल्यावर, फोनवर. तोपर्यंत ते खामगावच्या स्टँडवर पोचले होते.

"बाबा, मले फोन नाही करायचा का?"

"केला व बाई. लागत नव्हता." वावरात मोबाईलला रेंज नसते हे तिला माहीत होतं. "म्हातारीले हाक मारली, दार बंद. कोनाच्याच दारात कोनी नाही. मग तुमच्या पायरीवर बसलो. ऊन लय होतं. उठताना हात लागला कुलपाले, तं ते बोंबलाले लागलं. थांबतच नाही ना बापा. मले वाटलं, आता लोक येतीन अन् मले धरतीन. म्हातारपनी चोर म्हनतीन. म्हनून निघालो."

"कोनी आलं का बाबा?"

"नाही, नाही. कोनीच नाही आलं," कडूबा घाईनं म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. लेकीची समजूत काढावी तसं ते म्हणाले, "कोनीच पाह्यलं नाही मले. तू काळजी करू नको."

सुचितानं फोन ठेवला. राजकुमार समोरच जेवत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. ताटातला घास तसाच धरून तो म्हणाला, "मी आनतो त्यायले उद्या जाऊन." ती म्हणाली, "ते नाही येनार आता." आणि मान वळवून चुलीकडे गेली, कारण त्याचा चेहरा तिच्याच्यानं पाहवत नव्हता.

सकाळी शेताकडे जाताना ती वच्छलामायच्या दाराशी थांबली. कडी वाजवली.

"कोन?"

"मी, सुचिता."

दार हातभर उघडलं.

"काल माहे बाबा आले होते, माई."

"हाव. आवाज आला मले." म्हातारी उंबऱ्याच्या आतच उभी होती. "वच्छलाबाई, पानी द्या, म्हने. आवाज वळखीचा वाटला. मी उठलीबी होती. दारापावतर आली."

"मंग?"

"मंग म्हटलं, तोबी असाच गोड बोलला होता. माहे कान काय अन् डोये काय. चुकलं तं पुन्हा माह्याच मानेवर." तिनं सुचिताच्या घराकडे मान केली. "मंग ते बोंबलाले लागलं. मी इथंच बसून राह्यली, कानात बोटं घालून."

"माहे बाबा होते व."

"आता समजलं. तहानले गेले असतीन." म्हातारीनं दाराची चौकट चाचपली. "त्यायले म्हन, वच्छलाबाई घरी नव्हती."

सुचिताच्या कडेवरून मयुरीनं दोन्ही हात पुढे केले होते. झेप घ्यायलाच निघाली होती पोर. वच्छलामायचे हातही उठले, पार उंबऱ्यापर्यंत आले, आणि तिनं ते पदराखाली घेतले.

"ऊन चढाच्या आंधी जाय वावरात," ती म्हणाली.

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडी आहे हे सुचिताला आजवर माहीत नव्हतं. तिनं रुमाल पोरीच्या डोक्यावर ओढला आणि चालायला लागली. मयुरी मागे वळून त्या ओट्याकडे पाहत रडत होती. गल्ली संपेपर्यंत तिच्या रडण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.