विष्ठेचं सोवळं

दोन्या ओतिलियाच्या, म्हणजे ओतिलियाबाईच्या, सोवळ्यापुढे बिशपनेही हात टेकले असते. आणि सोवळं कशाचं, तर पेंग्विनच्या विष्ठेचं.

चिलीहून दर उन्हाळ्यात ती या बर्फाळ बेटावर यायची. पेंग्विन कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातात आणि खडकांवर गुलाबी पिचकाऱ्या मारतात. त्यांतलं लोह, तांबं, जस्त झिरपत समुद्रात उतरतं. ते किती उतरतं हे मोजणं, हे तिचं काम. या समुद्राला लोह कायमचं कमी. बाळंतिणीला गोळ्या द्याव्यात तसं पेंग्विन त्याला लोह देतात, देण्याचा मार्ग तेवढा वेगळा. हे ती नेमकं जेवताना सांगायची, आणि समोरचा माणूस सूपाचा वाडगा हळूच बाजूला सारायचा.

पाण्यातले हे धातू इतके थोडे, की बोटातली अंगठी नुसती शिवली तरी हिशेब बाटला. म्हणून बाटलीला पिशव्या दोन, एकात एक, आणि माणसंही दोन लागत. ओवळ्याने वल्ही मारायची, शी खरवडायची, बाहेरची पिशवी उघडायची. सोवळ्याने फक्त आतली पिशवी आणि बाटली. अंगठी नाही, तोंडाला मलम नाही, ओवळ्याला शिवणं नाही. कित्येक उन्हाळे सोवळे हात दोन्याचे आणि ओवळे तिच्या मदतनिसाचे, नोल्बेर्तोचे.

आजचं काम शेवटचं. पेंग्विनच्या वस्तीजवळचं, शिटेचं पाणी भरून झालं होतं. त्याच्याशी ताडून बघायला दूरचं कोरं पाणी हवं होतं. ते नसलं तर सगळ्या उन्हाळ्याची शी म्हणजे नुसती शीच. आणि जहाज उद्या येणार होतं.

त्यात हिवाळ्यापासून दोन्याचा उजवा हात थरथरत होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की सोवळं दुसऱ्याकडे जाणार.

"मी तर म्हणतो, पेंग्विनलाच नोकरीला ठेवा," वल्ही थांबवत नोल्बेर्तो म्हणाला. "पगार मासळीत."

"तू तोंड तिकडे कर. तुझं नाक म्हणजे जस्ताची खाण आहे."

उन्हाने सोलपटू नये म्हणून त्याने नाकावर जस्ताचं पांढरं मलम थापलं होतं. तोंड फिरवूनच त्याने बाहेरची पिशवी उघडली. दोन्याने बाटली काढली, पाण्याखाली धरून भरली, वर आणली. टोपण लावायच्या वेळी हात उडाला. टोपण निसटलं आणि होडीच्या तळाशी गेलं. नांगर गोणपाटात गुंडाळला होता, पण साखळीचं टोक बाहेर डोकावत होतं. टोपण नेमकं त्यावर. टक्.

"लाट होती," नोल्बेर्तो म्हणाला.

समुद्र विरजलेल्या दह्यासारखा निपचित पडला होता.

"कसली लाट?"

"येते एखादी. टोपण धुऊन लावा. कुणाला कळतंय?"

"बाटलीला कळतंय. आठवडेच्या आठवडे आम्लात न्हाऊन आलेली बया, आता तिचं टोपण लोखंड चाटून आलंय." दोन्याने हात काखेत दाबला. "हिवाळ्यापासून आहे हे, नोल्बेर्तो."

"ठाऊक आहे. आताशा चमचा ठेवून वाडगा तोंडाला लावता. आधी वाटलं, रीतभात सुटली."

"मग बोलला नाहीस ते?"

"ओवळ्यानं सोवळ्याला शिवायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

खोक्यात एकच बाटली उरली होती. दोन्याने तिच्याकडे बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या नाकाकडे.

"वळव होडी. तुला आंघोळ घालायचीय."

किनाऱ्यावरच्या झोपडीत तिने त्याचं नाक साबणाने असं घासलं की ते लाल झालं. मग नखं. मग अंगठी. ती काही निघेना.

"बायकोनं बसवलीय. तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"तासाभरापुरता रंडवा हो. मी सांगेन तिला."

अंगठी निघाली, सोबत थोडी कातडीही.

"माझ्या आईनं कधी इतकं घासलं नव्हतं, दोन्या."

"ते दिसतंच आहे."

होडीकडे जाताना एका पेंग्विनने पाठ वळवली, शेपूट उचललं आणि दोन्याच्या विजारीवर गुलाबी पट्टा ओढला. तिने खाली बघितलं.

"चला. ओवळ्याची दीक्षाही मिळाली."

पुन्हा कोऱ्या पाण्याकडे जाताना वल्ही तिने मारली. वल्ह्यांना थरथर चालते. बाहेरची पिशवी तिने उघडली, ती नुसती सळसळत राहिली, पण पिशवीलाही चालतं. नोल्बेर्तोने श्वास रोखून बाटली काढली. भरली. टोपण बसवलं. सवयीने दोन्या पुढे वाकली, टोपण घट्ट आहे का बघायला हात लांबवला.

"दोन्या," मान न वळवता, अगदी तिच्याच स्वरात तो म्हणाला, "हात मागे. शिवायचं नाही."

तिचा हात हवेतच थबकला, थरथरत. मग तिने तो विजारीच्या गुलाबी पट्ट्याला पुसला आणि वल्ही उचलली.

"शिष्ट मेला," ती पुटपुटली, आणि बाटलीला हिसका बसू नये म्हणून अगदी हळू वल्हवू लागली.